सांगोल्याचे आबा कधी पडलेच नाहीत का?

प्रश्न: सांगोल्याचे आबा, म्हणजे गणपतराव देशमुख, ११ वेळा आमदार झाले म्हणतात, मग ते कधी हरलेच नाहीत का? आणि मंत्री वगैरे?

उत्तर: हरले की! १९७२ ला पडले, पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, आणि १९९५ ला तर शहाजीबापू पाटलांनी फक्त १९२ मतांनी पाडलं. पण १९६२ पासून पक्ष एकच, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष (आजच्या आमदारांना हे सांगून बघा). मंत्री दोनदा, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात, तरी एसटीनं फिरणारा माणूस, आमदारांसाठी राखीव सीटवर बसलेले लोकांनी पाहिलेत. २०१९ ला स्वतः उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत उभा राहिला तर तो ७६८ मतांनी पडला, समोर पुन्हा शहाजीबापूच!