शार्लटला नावं ठेवू नका

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी म्हणजे शेवटी श्रीमंत नवरा पटकावण्याचीच गोष्ट ना, मग तिचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्ही विचारलंय.

हो, लग्न जमवण्याचीच गोष्ट आहे. त्यात लाजायचं काय? बेनेटांच्या घरात पाच मुली, जमिनीचं उत्पन्न वर्षाला 2,000 पौंड, आणि बापामागे ती जमीन मुलींना नाही, कॉलिन्स नावाच्या भाऊबंदाला. त्यातल्या एलिझाबेथच्या, म्हणजे नायिकेच्या वाट्याला काय, तर आईच्या पश्चात 4 टक्क्यांच्या सरकारी रोख्यांतले 1,000 पौंड. म्हणजे वर्षाला 40. तिचा नायक डार्सी, त्याचं उत्पन्न 10,000. हा हिशोब मनात ठेवून वाचा, मग ‘पटकावणं’ म्हणायला जीभ रेटते का बघा.

खरं तर मी लिहायला बसले ती शार्लटसाठी. एलिझाबेथची मैत्रीण, 27 वर्षांची, रूपाने बेताची. एलिझाबेथने नाकारलेल्या त्याच कॉलिन्सला, त्या बडबड्या लाळघोट्या पाद्र्याला, ती तीन दिवसांच्या आत होकार देते. वाचणारे सगळे तिला हसतात.

1996 साली मी 28 वर्षांची होते. सांगलीत आमच्याकडे एक स्थळ आलं, पाटबंधारे खात्यातलं. मुलगा पोहे खाता खाता कालव्याच्या आवर्तनांवर तब्बल पाऊण तास बोलला. कोणी विचारलंही नव्हतं. मंडळी गेल्यावर धाकटी बहीण बशा उचलता उचलता म्हणाली, “ताई, हा तर मिस्टर कॉलिन्स! हो म्हणालीस तर तू शार्लट.” ती तेव्हा टी.वाय.ला होती, इंग्रजी घेऊन. शार्लट कोण हे मला कुठे माहीत? रात्री तिचंच पुस्तक घेऊन बसले. शार्लटच्या होकाराच्या पानावर समासात पेन्सिलने लिहिलं होतं, ‘मर्सिनरी. पैशासाठी विकली गेलेली.’ चौथ्या दिवशी मी होकार कळवला. बहीण हळदीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तिने पेन्सिल ठेवून जरा पुढे वाचायला हवं होतं. लग्नानंतर एलिझाबेथ शार्लटकडे राहायला जाते, तेव्हा तिला नवल वाटतं की चांगली ऐसपैस जेवणाची खोली सोडून ही मागच्या खोलीत का बसते. मग उमगतं. रस्त्याकडची खोली कॉलिन्सची; बायकांची खोलीही तितकीच छान असती तर तो उठून सारखा तिथेच आला असता. वर बागकाम तब्येतीला किती चांगलं, हेही शार्लट त्याला पटवत असते. मी हे वाचून मोठ्यांदा हसले होते. माझं शिलाई मशीन आजही मागच्या खोलीत आहे, आणि गच्चीतल्या गुलाबांचं वेड यांना मीच लावलं.

यावर बहिणीचा हुकमी पत्ता म्हणजे खुद्द जेन ऑस्टिन. डिसेंबर 1802 मध्ये, सत्तावीस पुरी व्हायला दोन आठवडे असताना, तिने एका जमीनदाराच्या मुलाला होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडला. मान्य. पण 1805 मध्ये वडील गेल्यावर आई आणि बहिणीबरोबर भावांच्या आधाराने दिवस काढावे लागले, ते कोण सांगणार? या कादंबरीचे हक्क तिने 110 पौंडांना विकले. तिला हवे होते 150.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आमचे हे कॉलिन्स नाहीत; बोलतात फार, पण साहेबापुढे कधी वाकले नाहीत. आणि तुमच्या हातात स्वतःचा पगार असेल तर शार्लटचं गणित तुम्हाला लागू नाही. माझ्या हातात तेव्हा नव्हता.

वाचायला घ्याल तेव्हा सुरुवातीला नावांचा गोंधळ होईल. नुसतं ‘मिस बेनेट’ म्हटलं की बहुतेक वेळा एलिझाबेथची थोरली बहीण जेन समजा. संवाद सावकाश वाचा, सगळी मजा तिथेच आहे.

बहीण आता कॉलेजात हीच कादंबरी शिकवते, आणि शार्लटला अजून ‘मर्सिनरी’च म्हणते. गेल्या दिवाळीत आली तेव्हा दुपारभर माझ्या मागच्या खोलीत पाय पसरून बसली होती. बाहेरच्या खोलीत तिचे यजमान ह्यांच्या तावडीत सापडले होते. विषय आवर्तनांचाच.