कोटेशनवर ‘आय सेव्हन’ लिहिलंय, घेऊ का?

या वेळी पत्रं आणि मेल मिळून निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे, पहिला गेमिंग पीसी. निकाल लागले की दरवर्षी असंच होतं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, मोबाईलवाल्यांनी राग मानू नये.

प्रश्न: नमस्कार सर, मी जालन्याचा, डिप्लोमा सेकंड इयर. सुट्ट्यांत काम करून आणि मामांनी दिलेले धरून ५५ हजार जमलेत. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळायचंय, जमलं तर थोडं एडिटिंग. एका दुकानदाराने कोटेशन दिलंय: आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, गेमिंग कॅबिनेट विथ एसएमपीएस, २२ इंची मॉनिटर, सगळं ३८ हजारात. म्हणतो उरलेल्या पैशात गेमिंग खुर्ची घे. घेऊ का?

उत्तर: थांब, ॲडव्हान्स देऊ नकोस अजून. या कोटेशनमध्ये काय लिहिलंय ते सोड, काय लिहिलेलं नाहीये ते बघ. आय सेव्हन, बरं, पण कितव्या जनरेशनचा? हे नाव इंटेल २००८ पासून वापरतंय, त्यामुळे नुसतं आय सेव्हन म्हणजे ‘बुलेट आहे’ म्हणण्यासारखं, कुठल्या सालची ते कळल्याशिवाय काही अर्थ नाही. या भावात जो बसतो तो बहुतेक वेळा ३७७० नाहीतर ४७७० असतो, म्हणजे २०१२-१३ चा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, आणि त्याच्याखाली नवा कोरा दिसणारा मदरबोर्ड. त्याचे चार कोर आठ थ्रेड (म्हणजे एका वेळी काम करणारे हात), तेवढेच आय थ्री १२१०० मध्ये आहेत आणि तो साधा आय थ्री याला आरामात मागे टाकतो. वर विंडोज ११ चा अधिकृत सपोर्ट इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी मागतं. म्हणजे ज्या गेमसाठी एवढं चाललंय तोच अडायचा.

आता ते ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’. नाव विचार, जीटी ७३० असण्याची शक्यता जास्त. २०१४ चं कार्ड आहे ते. त्याचं ६४ बिट डीडीआर ३ मॉडेल मेमरीतून सेकंदाला १४.४ जीबी डेटा हलवतं, आरएक्स ६६०० हलवतं २२४ जीबी. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली आणि खाली नळ अर्ध्या इंचाचा, तर आंघोळीला किती वेळ लागेल? कार्डावरचे जीबी म्हणजे टाकी, आणि दुकानात सगळे टाकीच दाखवतात.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. एसएमपीएस म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, आणि या एका ओळीवरून मी कोटेशन बाजूला ठेवतो. एसएमपीएसचं नाव नाही, वॉट नाही, कारण तो कॅबिनेटसोबत फुकट आलाय. स्टिकरवर ४५० वॉट छापलेलं असेल, पण तू १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाच आणि बाराने गुण, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात १२ व्होल्टच्याच ताटात. १८ अँपिअर असतील तर झाले २१६ वॉट. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर साधारण ४५ अँपिअर असतात, म्हणजे ५४०. ‘८० प्लस ब्रॉन्झ’चा शिक्का बघ, पण तो किती वीज वाया जाते त्याचा शिक्का आहे, आत माल कसा आहे त्याचा नाही, म्हणून वॉरंटीची वर्षंही बघ, पाच मिळाली तर उत्तम. माझा पहिला एसएमपीएस असाच फुकटातला होता, आठव्या महिन्यात फट् झालं, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला, आणि दुकानदार म्हणाला ‘लाइटचा प्रॉब्लेम आहे तुमच्याकडे’.

मग घ्यायचं काय. भाव आठवड्याला हलतात म्हणून रुपये लिहीत नाही, वस्तू लिहितो. रायझन ५ ५६०० नाहीतर आय फाइव्ह १२४००एफ, दोन्ही सहा कोर बारा थ्रेड, दोन्ही २०२२ चे पण तुझ्या गेमना भरपूर. पहिल्यासोबत बी४५० किंवा बी५५० बोर्ड, दुसऱ्यासोबत बी६६० किंवा बी७६०, पण डीडीआर ४ (ही रॅमची पिढी) वाला, एकाच नंबरचे डीडीआर ५ बोर्डही मिळतात, बघून घे. रॅम आठच्या दोन पट्ट्या, सोळाची एक नाही, कारण दोन पट्ट्यांना दोन रस्ते मिळतात. एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी) एसएसडी, ५५० वॉटचा नाव असलेला एसएमपीएस, आणि कार्ड आरएक्स ६६००, ८ जीबी. कार्डाला १३२ वॉट लागतात आणि प्रोसेसरला त्याहून कमी, म्हणजे ५५० मध्ये निवांत. टोटल टॉवरच्या (मॉनिटर सोडून बाकी सगळ्याच्या) पैशातले तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के एकट्या कार्डात गेले तरी घाबरू नकोस, गेमिंगचा पीसी आहे, पैसे तिथेच जायला हवेत.

खरं सांगतो, मॉनिटरसकट हे सगळं नवं ५५ हजारांत ओढाताण करूनही बसेल असं वाटत नाही, त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅम भडकलीये, एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचललाय. दोन रस्ते आहेत. एक, रायझन ५ ५६००जी घे, त्याच्यात ग्राफिक्स आतच आहे, व्हॅलोरंट चालेल, जीटीए सेटिंग उतरवून चालेल, कार्ड पुढच्या दिवाळीला. पण त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी) ५६०० च्या निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी, म्हणजे उद्या कार्ड टाकलं तरी तो थोडा मागेच राहणार. दुसरा रस्ता, ५६०० आणि कार्ड आत्ताच, आणि चार-सहा महिने मॉनिटरऐवजी घरचा टीव्ही. आई सीरियलच्या वेळी उठवेल तेवढंच. मी असतो तर टीव्ही.

आणि बिल जीएसटीचंच घे, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून. मुंबईला कोणी जात असेल तर लॅमिंग्टन रोडवर भाव विचारून ये म्हणावं (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तसं विचारलंस तर टॅक्सीवालाही विचारात पडेल), घ्यायचं नसलं तरी तीन कोटेशनं हातात असली की गावातला दुकानदारही नीट बोलतो. खुर्चीचं नंतर बघू.

प्रश्न: माझा मुलगा बारावी झाला, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला जाणार आहे. म्हणतो अभ्यासासाठी दीड लाखाचा पीसी लागेल, लिक्विड कूलिंग आणि लायटिंगवाला. नव्या जीटीए सिक्सचाही विषय काढतो. मला यातलं कळत नाही, पण अभ्यासाला लाइट कशाला हे कळत नाहीये. लाइट बिल किती येईल? (डोंबिवली)

उत्तर: ताई, तुम्हाला बरंच कळतंय की. अभ्यासाला लाइट लागत नाही. आधी एकच विचारा त्याला, कॉलेज घरून करणार की होस्टेलवर? होस्टेल असेल तर विषयच संपला, लॅपटॉप घ्या. घरून असेल तर पीसी चांगला, त्याच पैशात ताकद जास्त मिळते आणि एखादा पार्ट बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

पण दीड लाख नको. मॉनिटर कोणता घेणार ते त्याच्याकडून लिहून घ्या, सगळं तिथून ठरतं. साधा फुल एचडी, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) असेल तर त्याच्यामागे महागडं कार्ड लावणं म्हणजे पोळपाटाएवढ्या तव्यावर हॉटेलची भट्टी. रायझन ५ ७६०० सारखा प्रोसेसर पुरे, ६५ वॉटचा आहे, सोबत पंखा येतो, लिक्विड कूलिंगची गरज नाही. तो बोर्डावरच्या ज्या एएम५ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसायच्या जागेत) बसतो तो २०२७ आणि त्यानंतरही चालवू असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून पीसी पुन्हा तरुण. आणि जीटीए सिक्सची १९ नोव्हेंबर २०२६ ही जी तारीख कंपनीने जाहीर केली ती पीएस ५ आणि एक्सबॉक्ससाठी, पीसीची तारीख दिलेलीच नाही, हे त्याला नक्की माहीत असणार.

बिलाचं म्हणाल तर खेळताना मॉनिटरसकट ३०० वॉटच्या आसपास धरा, रोज तीन तास खेळला तर दिवसाला साधारण एक युनिट. तीन तासच खेळेल का, ते तुम्ही बघा.

प्रश्न: आरटीएक्स ४०६० टाकलं, १४४ हर्ट्झ मॉनिटर घेतला, आणि जुन्या लॅपटॉपएवढंच चालतंय राव, ३० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम. कार्ड डुप्लिकेट दिलं का? (कोल्हापूर)

उत्तर: भावा, मागे वाकून बघ, मॉनिटरची केबल कुठे खुपसलीयेस. वर मदरबोर्डला असेल, तर कार्ड खाली नुसतं बसलंय आणि सगळं काम प्रोसेसरमधलं बारकं ग्राफिक्स करतंय. केबल खाली कार्डाला लाव. दहातले सात जण इथेच फसतात, आणि प्रोसेसर ‘एफ’वाला (आत ग्राफिक्स नसलेला) असता तर वर डिस्प्लेच आला नसता, लगेच कळलं असतं.

मग विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे ६० दिसेल ते १४४ कर, आपोआप होतंच असं नाही. आणि बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतात ती मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवायची सोय, चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम घेऊनही ती २१३३ नाहीतर २६६६ वर रेंगाळते. पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना तेही बघ. एवढं करून हललं नाही तर मग दुकानदाराला शिव्या दे.

प्रश्न: कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पीसी खराब आहे का? आणि ६०० व्हीएचा यूपीएस चालेल का? (नागपूर)

उत्तर: पीसी बहुतेक ठीक आहे, भिंतीतलं अर्थिंग नाहीये. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले कपॅसिटर अगदी थोडा करंट बॉडीवर सोडतात, तो तिसऱ्या जाड पिनमधून जमिनीत जायला हवा, अर्थिंग नसलं की तुमच्यातून जातो. वायरमनला बोलवा, आजच, आणि तोवर तिसरी पिन काढलेली एक्स्टेन्शन वापरत असाल तर ती फेकून द्या.

६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास. अभ्यासाला चालेल, गेम चालू असताना लाइट गेली तर यूपीएस नुसता किंचाळेल आणि बंद पडेल. ११०० व्हीए घ्या. तोही सेव्ह करून बंद करण्यापुरता, मॅच संपवायला नाही. आणि नागपूरच्या मे महिन्यात काचेचं बंद तोंड असलेलं कॅबिनेट नको, पुढे जाळी असलेलंच. खोली पंधरा डिग्री तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच तापतो, त्यात कुठल्याच पंख्याची काही जादू चालत नाही.

प्रश्न: भाऊ अमेरिकेतून येतोय, कार्ड मागवू का?

उत्तर: फरक मोठा असेल तरच. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी विकलेल्या देशापुरती असते, बिघडलं तर भावाच्या पुढच्या ट्रिपची वाट बघावी लागेल.

प्रश्न: सगळे पार्ट आलेत, आठ दिवस झाले, खोके उघडायची हिंमत होत नाहीये. बाबा म्हणतात मोडशील. (सातारा, डिग्री फर्स्ट इयर)

उत्तर: नाही मोडणार गं. फक्त एका जागी जपायचं, प्रोसेसर. त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळव, आणि नुसता ठेव, दाबू नको, आपल्या वजनाने बसतो. रॅमला मात्र जोर लागतो, कट्ट आवाज येईपर्यंत, तिथे घाबरलीस तर डिस्प्ले येणार नाही.

कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, पंखा, रॅम, कार्ड, एसएमपीएस एवढंच जोडून चालू करून बघ. चालू नाही झालं तर आधी एसएमपीएसच्या मागचं बटण बघ, मग मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची वायर, ती सगळेच विसरतात.

आणि बोर्ड आत बसवायच्या आधी मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी कॅबिनेटला लाव, तुझ्या बोर्डावर ती आधीच जोडलेली नसेल तर. मी पहिल्या वेळी रात्री दोनपर्यंत बसून सगळं जोडलं, वायरी बांधल्या, आठ स्क्रू आवळले, आणि टेबल पुसायला घेतलं तर ती पट्टी फडक्याखाली. परत सगळं खोलायची ताकद नव्हती, तो पीसी सहा वर्षं तसाच चालला, मागून उघडा.