पाच वर्षांनी सुटणारी ‘एफडी’

प्रश्न: मी २६ वर्षांचा, अहमदपूर तालुक्यातला. बीट्स, म्हणजे रॅपखालचं संगीत बनवतो, हिप-हॉप प्रोड्यूसर व्हायचंय. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सेटअप आहे, संबळ-हलगी स्वतः रेकॉर्ड करतो. सर्वांत चाललेल्या गाण्याला वर्षभरात ४१ हजार व्ह्यूज आहेत. भीमगीतं, वाढदिवसाची आणि प्रचाराची गाणी करून महिन्याला सरासरी १४ हजार सुटतात, पण आता ते बंद करून प्युअर हिप-हॉप करायचंय. मुंबईतलं एक लेबल (गाणी काढणारी कंपनी) दीड लाखात लाँच पॅकेज देतंय: व्हिडिओ, प्लेलिस्ट, प्रमोशन. वर सहा महिने मुंबईत राहायला अडीच लाख. आईचं ८ तोळे सोनं ठेवून ४ लाख १८ टक्क्यांनी मिळतात. फेडायची चिंता नाही. जमीन महामार्गात गेली तेव्हा २२ लाख मोबदला आला, ४ एकर कोरडवाहू राहिलीय. ७ लाख घराला लागले. उरलेल्यातून अण्णांनी (वय ५४) बँकेत वर्षाला ३ लाखांची एफडी केलीय. दोन हप्ते झालेत, तिसरा पुढच्या महिन्यात आहे. पाच वर्षांनी दुप्पट, म्हणजे ३० लाख मिळतील. गोल्ड लोन घेऊ की पर्सनल लोन? एफडीच्या कागदाचा फोटो जोडलाय.

उत्तर: दोन्ही घेऊ नका. त्याचा हिशोब शेवटी करू, तो लहान आहे. आधी अण्णांच्या एफडीकडे या. तिचा हप्ता महिन्याभरात खात्यातून आपोआप कापला जाईल आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

दर वर्षी हप्ता भरायची एफडी नसते. एफडीत पैसे एकदाच ठेवतात. तुमच्या फोटोत बँकेचं नाव ठळक आहे, पण खाली बारीक अक्षरात प्रीमियम १० वर्षे, मुदत २० वर्षे, विमा रक्कम ३० लाख असं छापलंय. ही एंडोमेंट विमा पॉलिसी आहे, म्हणजे मुदत संपल्यावर पैसे देणारा आयुर्विमा. ती सुटेल तेव्हा अण्णा ७२ वर्षांचे असतील.

‘पाच वर्षं’ कुठून आली, तेही दिसतंय. पॉलिसी विकणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी खात्यात १५ लाख पाहिले, ३ लाखांनी भागले, उत्तर आलं पाच. सहाव्या वर्षी हप्ता कुठून येणार हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण त्यांचं कमिशन पहिल्या वर्षीच निघालं. राहिलेल्या ४ एकर कोरडवाहूत सोयाबीन एकरी ७ क्विंटल धरा, भाव साडेचार हजार. सव्वा लाख होतात. बियाणं, फवारणी, काढणी वजा जाता साठ-सत्तर हजार उरले तर नशीब. त्यातून वर्षाला ३ लाखांचा प्रीमियम भरायचा?

आणि सगळे दहा हप्ते भरले तरी काय मिळतं? कागदावर, कंपनीला गुंतवणुकीवर ८ टक्के मिळतील असं धरलेल्या रकान्यात विसाव्या वर्षी ६८ लाख दिसतात. ३० लाख भरून ६८ म्हणजे वर्षाला जेमतेम साडेपाच टक्के, तेही हमीचे नाहीत. ४ टक्क्यांचा रकाना शेजारीच आहे, तो कुणी वाचून दाखवला नसणार. पाच वर्षांत दुप्पट व्हायला पंधराएक टक्के लागतात. तेवढे सुरक्षितपणे देणारी योजना बँकेत नाही, पोस्टात नाही, कुठेच नाही.

आता काय करायचं? खात्यात ९ लाख शिल्लक आहेत, म्हणजे आणखी तीन हप्ते. ते भरून पैसे संपले म्हणून थांबलात तर पॉलिसी ‘पेड-अप’ होते: दहातले पाच हप्ते भरले, म्हणून ३० लाखांच्या निम्मे, १५ लाख आणि थोडा बोनस, तेही मुदत संपल्यावर. १५ भरून १५. आजच थांबलात तर ६ लाख भरल्याचे ६ लाख तेव्हाच मिळतील. पण हातातले ९ लाख खऱ्या एफडीत ७ टक्क्यांनी राहिले तर १८ वर्षांत ३० लाखांवर जातात. एकूण ३६. अण्णांना दुप्पट हवंच होतं, ते असं होतं.

म्हणून सोमवारी अण्णांना घेऊन शाखेत जा आणि प्रीमियमची ऑटो-डेबिट मंजुरी लेखी रद्द करून पोच घ्या. बाकी सगळं त्यानंतर. शाखेतले लोक ‘बोनस अडकेल’ असं सांगतील. ‘ही बंद करून दुसरी घ्या’ असंही सांगतील, त्यातही कमिशन आहे. पॉलिसी घाईने सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका, हातात दोनेक लाखच येतील.

मग विमा कंपनीकडे प्रपोजल फॉर्मची (पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाची) प्रत आणि पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग मागा. फॉर्ममध्ये उत्पन्नाचा रकाना बघा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावापुढे १२-१५ लाख उत्पन्न आणि ‘व्यापार’ असं लिहिलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय. अण्णा सही मराठीत करत असतील आणि फॉर्म इंग्रजीत असेल, तर ‘मजकूर समजावून सांगितला’ या घोषणेखाली कुणाची सही आहे तेही बघा. तक्रारीत ‘परतावा कमी आहे’ असं लिहाल तर केस तिथेच संपेल. ‘एफडी म्हणून विमा विकला’ हेच लिहा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. ६ लाख पूर्ण परत येतीलच असं नाही, पण कागद भक्कम असले की येऊ शकतात. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, ती मुदत तुमची कधीच गेली.

तर कर्ज ज्या ३० लाखांतून फिटणार होतं, ते नाहीत. आता गाण्याकडे.

४ लाखांवर १८ टक्के म्हणजे महिन्याला ६ हजार नुसतं व्याज. एका स्ट्रीमचे, म्हणजे ॲपवर गाणं एकदा ऐकलं जाण्याचे, उदार होऊन १० पैसे धरू. व्याजापुरतेच महिन्याला ६० हजार स्ट्रीम्स हवेत, आणि रॅपरशी निम्मी वाटणी असेल तर १ लाख २० हजार. तुमच्या सर्वांत चाललेल्या गाण्याला वर्षभरात ४१ हजार व्ह्यूज आहेत. मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम्सही न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४ पासून काही देत नाही.

कलाकाराकडून दीड लाख घेणारं लेबल हे लेबल नव्हे, दुकान आहे. त्यांचं गिऱ्हाईक श्रोता नाही, तुम्ही आहात. पॅकेजमधल्या प्लेलिस्टवर बॉट्सनी (खोट्या, यांत्रिक श्रोत्यांनी) स्ट्रीम्स वाढवले तर गाणं उतरवलं जातं आणि दंड डिस्ट्रिब्यूटरमार्फत (गाणी ॲपवर चढवणाऱ्या कंपनीमार्फत) तुमच्यावर येऊ शकतो.

मुंबईला जाऊ नका असं म्हणत नाही. रात्रीची लातूर-मुंबई एक्सप्रेस आहे. दोन महिन्यांतून आठ दिवस जा, तिथल्या रॅपर्सबरोबर बसा, आपले बीट्स ऐकवा. फेरीला दहा-बारा हजार. पत्र्यावर पाऊस वाजला की तुमचं रेकॉर्डिंग थांबतं, त्यासाठी आतून छत, बरे मॉनिटर स्पीकर आणि इन्व्हर्टर, मिळून ७० हजारांत बसेल. हे सगळं कमाईतून, टप्प्याटप्प्याने. आणि ही कमाई जिथून येते, ती एप्रिलची भीमगीतं आणि प्रचाराची गाणी तुम्ही बंद करायला निघालात! संबळ-हलगी स्वतः रेकॉर्ड करणारा प्रोड्यूसर अंधेरीत सहज सापडत नाही. हा तुमचा धंदा आहे, त्याला कमी लेखू नका.

गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळवून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा. बीट देताना एक पानी करार करा: किती टक्के, किती वर्षं, कुठे. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असेल तरच कायद्याला मान्य आहे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. लेबलच्या करारात ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं असेल तर सही करू नका.

प्रचाराच्या गाण्याचे पैसे मात्र पूर्ण आगाऊ घ्या. निकालानंतर हरलेला फोन उचलत नाही, आणि निवडून आलेला तर नाहीच.