रंगीत स्कॅनिंग आणि छपाई : वाचकांच्या शंका

दिवाळी अंक आणि कॅलेंडरांची कामं हातात आली की स्कॅनिंगच्या शंकाही येतात. ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांनी पाठवलेल्या शंकांपैकी पाच इथे घेतल्या आहेत.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर मासुंदा तलावाची संध्याकाळची जुनी ३५ मिमी स्लाइड घ्यायची आहे. डीटीपीवाल्यांनी ‘३०० डीपीआयला स्कॅन केलंय, छपाईला चालेल’ असं सांगितलं. प्रूफवर मात्र चौकोन चौकोन दिसतायत आणि झाडांखालचा सगळा भाग काळा ठिक्कर आलाय. चूक कुठे झाली? (संपादक मंडळ, नौपाडा, ठाणे)

उत्तर : ३०० डीपीआय (इंचाला ठिपके) हा आकडा बरोबर आहे, पण तो छापायच्या आकाराचा आहे, स्लाइडच्या आकाराचा नाही. स्लाइडची चौकट ३६ × २४ मिमी. ती ३०० ला स्कॅन केली की हाती येतात जेमतेम ४२५ × २८३ पिक्सेल. तेवढे पानभर ताणल्यावर चौकोन दिसणारच.

हिशेब असा मांडा. तुमचा अंक ७.२५ × ९.५ इंच, म्हणजे १८४ × २४१ मिमी. तीन बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं की १८७ × २४७. स्लाइड उभी आहे आणि माउंटखाली कडा झाकल्या जातात, म्हणून वापरता येणारा भाग २३ × ३५ मिमी धरा. रुंदीला १८७ भागिले २३ म्हणजे ८.१ पट, उंचीला २४७ भागिले ३५ म्हणजे ७.१ पट. यातला मोठा आकडा घ्यायचा. ८.१ गुणिले ३०० म्हणजे सुमारे २,४४०. तुमची स्लाइड निदान इतक्या रिझोल्यूशनला स्कॅन व्हायला हवी होती.

हे ३०० कुठून येतात, तेही माहीत असू द्या. आर्ट पेपरवर बहुतेक फोर कलर कामं १५० लाइन स्क्रीनला (इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या १५० ओळी) होतात आणि स्क्रीनच्या दुप्पट पिक्सेल दिले की तपशील नीट उतरतो. म्हणून ३००. न्यूजप्रिंटची (वर्तमानपत्री कागदाची) स्क्रीन ८५ ते १०० असते, तिथे २०० पुरतात. जास्त दिल्याने छपाई सुधारत नाही, फाइल तेवढी फुगते.

आता खरी अडचण. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर ४,८०० किंवा ६,४०० लिहिलेलं असतं, पण फिल्मवरून त्याला खरा तपशील त्याच्या निम्म्यानेही टिपता येत नाही. बाकीचे पिक्सेल येतात, पण त्यांत नवं काही नसतं. आठपट वाढवायचं मुखपृष्ठ अशा मशीनवर करू नका. फिल्म स्कॅनर किंवा ड्रम स्कॅन मिळत असेल तर तोच घ्या. नाहीतर चांगली मॅक्रो लेन्स लावलेला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, खाली सपाट एकसारखा उजेड आणि हलणार नाही असा स्टँड. स्लाइडने पूर्ण फ्रेम भरली तर ६,००० पिक्सेल ३६ मिमीवर पडतात, म्हणजे इंचाला ४,२०० च्या वर. तुमच्या कामाला ते भरपूर झाले.

काळा ठिक्कर भाग हा वेगळा दोष. फोटोप्रिंटची घनता (काळा किती गडद, याचं माप) साधारण २ पर्यंत जाते, स्लाइडची ३.५ च्याही वर. संध्याकाळच्या स्लाइडमध्ये झाडांखालचा सगळा तपशील त्या शेवटच्या टप्प्यात दडलेला असतो. स्वस्त सेन्सरला तिथे फक्त रंगीत रवा दिसतो. दर चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) १६ बिट ठेवा, म्हणजे छटांच्या पायऱ्या बारीक राहतात; एकाच जागेचं अनेकदा वाचन घेण्याची सोय असेल तर चार वेळा घ्या आणि सावल्या उजळायचं काम १६ बिटमध्येच उरका. आधी ८ बिट करून कर्व्ह (सॉफ्टवेअरमधली उजेड-सावली बदलायची रेषा) ओढला, तर सावल्यांत पायऱ्या पडतात आणि त्या नंतर निघत नाहीत.

एक सूचना न विचारता देतो. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या स्लाइडवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच निघून येतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ सुती बोळा, एकाच दिशेने हलका हात, आणि आधी कोपऱ्यावर करून पाहा.

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नातला रंगीत फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. शिवाय तो सगळा लालसर झालाय. कौटुंबिक पुस्तिकेत छापायचा आहे. काच कशी काढावी? (वाचक, नेरूळ)

उत्तर : काढूच नका. आधी काचेसकट स्कॅन करा. सोडवायचा प्रयत्न करायचाच असेल तर तो त्यानंतर. ओढलात तर इमल्शन (चित्राचा थर) काचेवर आणि कागद हातात, असं होतं, आणि चेहरा नेमका तिथेच चिकटलेला असतो.

लाकडी चौकट आणि मागचा पुठ्ठा सोडवा, काच बाहेरून पुसा आणि ती खाली करून स्कॅनरवर ठेवा. दोन काचा एकमेकींना टेकल्या की इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात, म्हणून चार कोपऱ्यांत व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे द्या. फोटो आता स्कॅनरच्या काचेपासून दोन-तीन मिमी वर आहे. त्यामुळे स्कॅनर सीसीडी जातीचाच हवा. पातळ, हलके सीआयएस स्कॅनर काचेला टेकलेलंच स्पष्ट वाचतात. ओळखायचं असेल तर पट्टीचं एक टोक काचेवर आणि दुसरं सेंटिमीटरभर उचलून स्कॅन करा. वरच्या टोकाचे आकडे वाचता आले तर सीसीडी.

चिकटलेला भाग ओल्यासारखा गडद दिसेल, सुटा भाग फिकट. तो फरक मास्क करून (तेवढाच भाग निवडून) कर्व्हने जुळवा, ब्रशने रंगवू नका.

लालसरपणाचं कारण रसायनात आहे. त्या काळच्या प्रिंटमधला सायन रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो. हिरवा रंग सायन आणि पिवळा मिळून होतो, म्हणून हिरवा शालू तपकिरी दिसतो आणि चेहरे भाजल्यासारखे. स्कॅनरचं ऑटो ‘रिस्टोअर’ बंद ठेवा, ते त्वचेचा रंग बिघडवतं. १६ बिट स्कॅन घेऊन फोटो-सॉफ्टवेअरच्या लेव्हल्समध्ये तिन्ही चॅनेल वेगवेगळे उघडा. लाल चॅनेलचा आलेख उजवीकडे गोळा झालेला दिसेल. त्याचं डावं टोक आलेख सुरू होतो तिथपर्यंत आणा, मग हिरवा, मग निळा. केसांतला काळा आणि धोतराचा पांढरा यांच्यावर कर्सर धरून तिन्ही आकडे जवळपास आले का ते पाहा. त्वचेकडे त्यानंतरच वळा.

प्रश्न : गेरूवर काढलेली माझी वारली चित्रं कॅलेंडरमध्ये राखाडी-तपकिरी छापून आली. मूळ चित्र ए-३ पेक्षा मोठं असल्याने दोन भागांत स्कॅन केलं होतं. सांधाही दिसतो. (चित्रकार, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : इतक्या प्रेमाने काढलेलं चित्र असं छापून यावं याचं वाईट वाटतं, कारण दोन्ही दोष टाळता येतात.

राखाडीपणा ऑटो कलरमुळे आला. कोऱ्या गेरूचं पान पाहून सॉफ्टवेअर समजतं की फोटोवर तांबडी झाक चढली आहे, आणि ती काढून टाकतं. ऑटो सगळं बंद करा, आयटी८ टार्गेटवरून (ठरलेल्या रंगांच्या तक्त्यावरून) स्कॅनरचं प्रोफाइल (तो रंग कसे वाचतो याची नोंद) करून घ्या आणि चित्राशेजारी ग्रे स्केलची पट्टी ठेवा. नंतर सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी या छपाईच्या चार शाया) करताना गेरूच्या तांबड्यात सायन किती आला ते तपासा. मॅजेंटा-पिवळ्यात सायन वाढला की तांबडा मळतो. सिलेक्टिव्ह कलरमध्ये लाल निवडून सायन थोडा थोडा उतरवा आणि प्रूफ मूळ चित्राशेजारी ५,००० केल्विनच्या उजेडात ठेवून पाहा. तांदळाच्या पिठाचा पांढरा कोऱ्या कागदापर्यंत नेऊ नका. ३ ते ५ टक्के डॉट राहू द्या, म्हणजे काडीच्या फटकाऱ्यांचा खरखरीतपणा टिकतो.

सांध्याचं कारण बहुधा हे : दुसरा भाग घेताना चित्र फिरवलं गेलं. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो. पिठाची रेघ पृष्ठभागावर उठलेली असल्याने तिची बारीक सावली एका अर्ध्यात खाली पडली, दुसऱ्यात वर. चित्र न फिरवता फक्त सरकवा, दोन्ही भागांत पाव हिस्सा सामाईक घ्या, एक्स्पोजर कायम ठेवा. चित्र सरकवायला झाकण काढून ठेवावं लागतं.

प्रश्न : जुन्या मासिकातलं छापील चित्र स्कॅन केलं की जाळी पडते. (वाचक, कळवा)

उत्तर : मूळ छपाईचे ठिपके आणि तुमचे पिक्सेल यांची ही टक्कर आहे, त्यावर नवी स्क्रीन चढली की ती आणखी बळावते. पानाला लागणाऱ्या रिझोल्यूशनला थेट स्कॅन करू नका. ६०० किंवा १,२०० ला घ्या, ठिपके एकमेकांत मिसळतील इतपतच ब्लर द्या आणि मग आकार कमी करा. स्कॅनरची डीस्क्रीन (ही जाळी काढायची) सोय वापरत असाल तर मूळ छपाईची स्क्रीन निवडा : वर्तमानपत्राला ८५ ते १००, गुळगुळीत मासिकाला १३३ ते १७५. हक्कधारकाची परवानगी मात्र आधी.

प्रश्न : प्रेसला आरजीबी द्यायचं की सीएमवायके? शार्पन कधी करायचं? (डिझायनर, कोपरखैरणे)

उत्तर : मूळ प्रत आरजीबी (लाल-हिरवा-निळा), १६ बिट, टिफ (तपशील न गमावणारी फाइल). ती जपून ठेवा आणि प्रत्येक कामासाठी तिच्यावरून वेगळी प्रत काढा. सीएमवायके शेवटी, आणि कागद ठरल्यावरच. प्रेसकडून प्रोफाइल मागून घ्या. आर्ट पेपरला फोग्रा३९ (छपाईचं एक प्रमाण प्रोफाइल) असेल तर चारही शायांची बेरीज ३३० टक्क्यांपर्यंत चालते, न्यूजप्रिंटला २४० च्या पुढे जाऊ नका. शाई जास्त झाली की सुकत नाही आणि थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीवर उमटते. पावसाळ्याच्या दमट हवेत हे जास्तच होतं. आर्ट पेपरसाठी बनवलेली फाइल पुरवणीच्या न्यूजप्रिंटवर ढकलली की चेहरे काळवंडतात ते यामुळेच, शिवाय त्या कागदावर ठिपकाही जास्त पसरतो.

स्कॅनरमधलं शार्पनिंग बंद. छापायच्या आकाराला आणल्यावर एकदाच अनशार्प मास्क (कडा ठळक करणारं फिल्टर) : इंचाला ३०० पिक्सेलच्या फाइलला अमाउंट १२० ते १५०, रेडियस १ ते १.५, थ्रेशोल्ड ३ ते ५. चेहरे असतील तर थ्रेशोल्ड वरचा घ्या, नाहीतर त्वचेवर फिल्मचा रवा उठून दिसतो. स्क्रीनवर १०० टक्क्यांना पाहताना किंचित जास्त वाटेल इतकं राहू द्या. स्क्रीनच्या ठिपक्यांत त्यातलं बरंच विरतं.