ऑरेगनमध्ये घरामागे हेझलनटचं झाड आहे. नट कधी काढायचे आणि टिकवायचे कसे?

आधी एक सांगतो, झाडावरून तोडू नका. हेझलनट पिकला की आपणहून गळतो. ऑरेगनमधल्या विलामेट खोऱ्यात साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिथले बागायतदारही खाली पडलेलेच यंत्राने गोळा करतात. तुम्ही दर दोन-तीन दिवसांनी वेचा. पाऊस लागला की ओल्या मातीत बुरशी धरते, आणि खारी तर तुमच्या आधीच उठलेल्या असतात.

वेचलेले नट पाण्याच्या बादलीत टाका. तरंगतील ते बहुतेक पोकळ किंवा किडके, फेकून द्या. बुडालेले लगेच जाळीवर एकेरी थरात पसरा. ३२ ते ४० अंश सेल्सिअसची खेळती हवा मिळाली तर दोन-चार दिवसांत वाळतात. मधूनच एखादा फोडून बघा: ओला गर पांढरा आणि लिबलिबीत असतो, वाळलेला आतून सायीच्या रंगाचा होतो नि कट्कन तुटतो.

कवचासकट थंड, कोरड्या जागी काही महिने राहतात. सोललेले मात्र हवाबंद डब्यात घालून सरळ फ्रीझरमध्ये. तेल भरपूर, त्यामुळे बाहेर खवट व्हायला वेळ लागत नाही.

झाड मोठं असूनही फळं नाहीत? मग बहुधा जोडीदार नाही. परागीकरण ऐन थंडीत वाऱ्यावर होतं आणि स्वतःचे पराग चालत नाहीत. जुळणारी दुसरी जात जवळपास हवी. नवं रोप घ्यायचं तर ‘जेफरसन’ किंवा ‘यॅमहिल’ मागा. ईस्टर्न फिल्बर्ट ब्लाइट या बुरशीच्या रोगापुढे त्या जुन्या ‘बार्सिलोना’पेक्षा जास्त टिकतात.