मोपाहून मुंबईला जाताना उघडलेली फेणीची बाटली

डिचोली तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. ते तारवटी आहेत, गेली 14 वर्षे परदेशी क्रूझ जहाजावर नोकरी करतात. पत्राचा सारांश असा: ‘बारा दिवसांपूर्वी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईला बहिणीकडे निघालो होतो. आईने दिलेली घरची फेणी पाण्याच्या बाटलीत भरून मोठ्या बॅगेत ठेवली होती, ती सामान देतानाच काढून घेतली गेली. मग सुरक्षा तपासणीच्या पलीकडच्या दुकानातून काजू फेणीची सीलबंद बाटली विकत घेतली. बिल माझ्याकडे आहे. समुद्राचे मला काही वाटत नाही, पण विमान हलू लागले की हातपाय गार पडतात. म्हणून बाटली उघडून संत्र्याच्या रसात थोडी ओतली. वासामुळे हवाई सेविकेच्या लक्षात आले. तिने बाटली मागितली, मी म्हटले, “बाटली माझी आहे, बिल दाखवू का?” दुसऱ्यांदा मागितल्यावर दिली. मुंबईला उतरल्यावर बाजूला नेऊन इंग्रजीतल्या एका कागदावर माझी सही घेतली. आता कंपनीचा ईमेल आला आहे की, अंतर्गत समितीचा निर्णय होईपर्यंत 30 दिवस त्यांच्या विमानात बसता येणार नाही. एकवीस दिवसांनी मला मुंबईहून जहाज गाठायचे आहे. विमानतळावरच विकलेली, पैसे देऊन घेतलेली बाटली पिणे हा गुन्हा कसा? माझी नोकरी जाईल का?’

सर्वप्रथम तुमच्या नोकरीबद्दल, कारण पत्रातली खरी काळजी तीच आहे. तुम्ही लिहिलेली हकीकत पूर्ण आणि खरी असेल, तर तिच्यामुळे तुमचे जहाज चुकण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु त्यासाठी येत्या दोन-तीन दिवसांत तुम्हाला एक उत्तर लिहावे लागेल आणि त्या उत्तरात ‘बाटली माझी होती’ हे वाक्य मुख्य मुद्दा म्हणून येता कामा नये.

दारूची बाटली विमानातून नेणे, ती विमानात पिणे आणि ती दुसऱ्या राज्यात उतरवणे, या तीन गोष्टींना तीन वेगवेगळे कायदे लागू होतात. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. दुकानाचे बिल एवढेच सिद्ध करते की, तुम्ही माल चोरलेला नाही आणि बाटली तपासणीच्या आतल्या बाजूने आलेली आहे. तुमच्यावरचा आक्षेप मात्र यांपैकी कशाचाच नाही.

नेण्याचा नियम ज्वलनशीलतेवर आधारलेला आहे. अल्कोहोलचे प्रमाण 24 टक्क्यांपर्यंत असेल, तर धोकादायक मालाच्या नियमांत ते किती न्यावे याची मर्यादा नाही. 24 ते 70 टक्क्यांपर्यंत असेल, तर माणशी एकूण 5 लिटर आणि तेही विक्रीच्या मूळ सीलबंद बाटलीतच. 70 टक्क्यांच्या वर असेल, तर अजिबात नाही. काजू फेणी साधारण 42 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ती मधल्या गटात येते. तुमच्या आईने दिलेली फेणी कितीही शुद्ध असली, तरी पाण्याच्या बाटलीत तिच्यावर ना उत्पादकाचे नाव, ना प्रमाण, ना सील. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ती 42 टक्क्यांची आहे की त्याहून कडक, हे कळण्याचा मार्ग नव्हता. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातून निघणाऱ्या कितीतरी बॅगांत अशा बाटल्या असतात, हे मी जाणतो. गावच्या भट्टीवरची पहिली धार, आईच्या हातची बाटली, यामागचा जिव्हाळाही जाणतो. तरीही ती काढून घेण्यात कर्मचाऱ्याची चूक नव्हती आणि तिची भरपाई मागण्याच्या फंदात पडू नका. गोव्यात काजूच्या झोनची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतो. विनालेबल बाटलीबद्दल वाद वाढवला, तर ती कोणत्या भट्टीतून आली हा प्रश्न आईच्या दारापर्यंत पोहोचेल.

आता पिण्याचा प्रश्न. भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांत मद्य दिले जात नाही आणि प्रवाशाने स्वतःचे मद्य उघडून पिऊ नये, अशी अट विमान कंपन्यांच्या वाहतुकीच्या अटींत असते. तिकीट घेताना आपण ती मान्य केलेली असते. आंतरराष्ट्रीय उड्डाणात मद्य मिळते, पण तेथेही कर्मचाऱ्यांनी दिलेलेच प्यावे लागते, कारण कोणाला किती दिले याचा हिशेब त्यांच्याजवळ राहतो आणि कोणाला थांबवायचे हे त्यांना ठरवता येते. ही अट कोणाच्या नीतिमत्तेवर ठेवलेला अविश्वास नाही. प्रवासी विमानाला प्रमाणपत्र देताना निम्मेच दरवाजे वापरून सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर काढता येतात, हे सिद्ध करावे लागते. ज्या हवाई सेविकेने तुमच्याकडे बाटली मागितली, तिच्यावर त्या 90 सेकंदांची जबाबदारी असते. तुमच्या पेल्यात किती फेणी आहे आणि तुम्हाला ती किती चढेल, हे तिला मोजता येत नव्हते. तुम्ही स्वतः जहाजावर बोट ड्रिल, म्हणजे संकटात जहाज सोडण्याचा सराव, करता. प्रवाशाने नेमून दिलेल्या ठिकाणी येऊन ‘तिकीट माझे आहे’ असा वाद घातला, तर तुम्हाला काय वाटेल, हे मी सांगायला नको.

विमान नियम, 1937 यांतील नियम 22 आणि 23 या संदर्भात महत्त्वाचे आहेत. 2024 चा भारतीय वायुयान अधिनियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला आणि 1934 चा जुना कायदा गेला, तरी जुन्या कायद्याखालील नियम त्यामुळे आपोआप रद्द झालेले नाहीत. नियम 23 नुसार विमानाच्या किंवा कोणाच्या सुरक्षिततेला धोका पोहोचेल अथवा विमानातील शिस्त बिघडेल अशा रीतीने मद्यपान करण्यास मनाई आहे. येथे मद्यपानाला जोडलेली अट लक्षात घ्या: एक घोट घेतला एवढ्याने हा नियम आपोआप मोडत नाही, त्या घोटाचा परिणाम दाखवावा लागतो. तुमचा आवाज चढला नाही, तुम्ही जागेवरून उठला नाहीत, कोणाला हात लावला नाही. हे शेजारच्या प्रवाशानेही पाहिलेले असेल. परंतु नियम 22 नुसार वैमानिकाने किंवा त्याच्या वतीने कर्मचाऱ्याने सुरक्षितता व शिस्त राखण्यासाठी दिलेली कायदेशीर सूचना नाकारता येत नाही. तुमच्या प्रकरणाचा सगळा भार पहिल्या सूचनेपासून दुसऱ्या सूचनेपर्यंतच्या त्या मिनिटा-दोन मिनिटांवर आहे. तुम्ही नकार दिला की फक्त विलंब केला, हे समिती पाहील, आणि दुसऱ्यांदा मागताच बाटली दिली ही गोष्ट तुमच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, 2017 च्या नियमावलीत बेशिस्त वर्तनाचे तीन स्तर केलेले आहेत. हावभाव, शाब्दिक त्रास, दारूच्या नशेतली बेशिस्त हा पहिला स्तर, त्याला कमाल 3 महिन्यांची बंदी. धक्काबुक्की, अंगाला हात लावणे हा दुसरा, त्याला 6 महिने. जिवावर बेतणारे वर्तन हा तिसरा, त्याला किमान 2 वर्षे. तुमची हकीकत जास्तीत जास्त पहिल्या स्तरात बसते आणि तेथेही ती खालच्या टोकाला आहे. समितीचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. दुसऱ्या विमान कंपनीचा एक प्रतिनिधी आणि प्रवासी किंवा ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधीही त्यात असतो. म्हणजे ज्यांनी तक्रार केली तेच निकाल देणार, अशी भीती वाटत असेल, तर ती निराधार आहे. समितीने 30 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. दिला नाही, तर प्रवासी पुन्हा प्रवास करण्यास मोकळा होतो. तुम्हाला आलेल्या ईमेलमध्ये कोणत्या नियमाचा, कोणत्या कलमाचा आणि कोणत्या स्तराचा उल्लेख आहे, तो शब्दशः उतरवून घ्या. नसेल तर लेखी विचारा. नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून प्रवासाच्या तारखेला लागू असलेला पाठ कंपनीकडूनच मागून घ्यावा.

एका कंपनीने केलेली बंदी इतर कंपन्यांवर बंधनकारक नसते. शिवाय मुंबई गाठायला तुम्हाला विमान लागतही नाही. थिवीहून कोकण रेल्वेने जा आणि जहाजाच्या तारखेच्या किमान दोन दिवस आधी पोहोचा. पुढचे आंतरराष्ट्रीय तिकीट याच कंपनीचे नाही ना, एवढे मात्र आजच तपासा, आणि असल्यास तुमच्या एजंटला आत्ताच सांगा, आदल्या दिवशी नव्हे.

पोलीस प्रकरणाबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, पण मी विचारलेच पाहिजे. ज्या कागदावर सही केली, त्याची प्रत मागा. कंपनीच्या सुरक्षा कर्मचाऱ्यापुढे दिलेला जबाब हा पोलिसांपुढचा कबुलीजबाब नव्हे, त्यामुळे पोलिसांपुढील कबुलीला पुराव्यात जी मनाई आहे ती त्याला लागू होत नाही आणि तो तुमच्याविरुद्ध वाचला जाऊ शकतो. त्यात न बोललेले काही लिहिलेले असेल, तर ते खोडण्याची वेळ आज आहे. गुन्हा नोंदला गेला असेल, तर तो बहुधा मुंबईत विमानतळ हद्दीतील ठाण्यात असेल, कारण प्रवासात घडलेल्या कृत्याचा तपास आणि खटला मार्गावरच्या किंवा उतरण्याच्या ठिकाणी चालू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 355 खाली नशेत सार्वजनिक ठिकाणी उपद्रव करणाऱ्यास 24 तासांपर्यंत साधी कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा, अशी शिक्षा आहे. पण तुमच्या वर्णनात ना नशा आहे ना उपद्रव. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस आली, तर मात्र जहाजाच्या घाईत ती बाजूला सारू नका. नोटीस मिळणे म्हणजे अटक नव्हे, आणि बाजूला नेऊन जबाब घेणे हीही अटक नव्हे. व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असे विचारले, तर आजच्या स्थितीत तुमचे खरे उत्तर ‘नाही’ असेच आहे. जहाज कंपनीने याहून व्यापक प्रश्न विचारला, तर मात्र प्रसंग लपवू नका.

तिसरा कायदा तुमच्या लक्षातही आलेला नाही. दारू हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. गोव्यात रीतसर विकत घेतलेली बाटली मुंबईत उतरताच महाराष्ट्राच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली येते आणि परवान्याविना दारू राज्यात आणणे हा तेथे कलम 65 खालचा गुन्हा आहे. बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ अशी बातमी आपण वारंवार वाचतो. विमानाने गेल्याने ती हद्द नाहीशी होत नाही. विमानाची 5 लिटरची मुभा ही आगीच्या धोक्याची मर्यादा आहे, अबकारी परवानगी नव्हे, आणि या दोहोंची गल्लत मी सुशिक्षित अशिलांकडूनही ऐकतो. तुमची उरलेली बाटली कंपनीने ठेवून घेतली असेल, तर ती परत मागू नका. पुढच्या वेळी बहिणीसाठी फेणी न्यायचीच असेल, तर आधी अबकारी खात्याच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करा आणि मुंबईच्या बाजूचा परवानाही पाहा.

समितीला द्यायचे उत्तर एका पानाचे असावे. त्याचा आशय असा ठेवा: ‘मला विमान प्रवासाची भीती वाटते. त्या भीतीपोटी मी स्वतः विकत घेतलेले मद्य विमानात उघडले. हे अटींविरुद्ध आहे याची मला तेव्हा पुरेशी जाणीव नव्हती, तरी ती चूक माझी आहे. कर्मचाऱ्यांनी पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी बाटली दिली नाही, दुसऱ्यांदा सांगितल्यावर दिली. त्याआधी किंवा नंतर मी कोणाशी वाद घातला नाही. संबंधित कर्मचाऱ्यांची मी क्षमा मागतो.’ यातली एक-एक गोष्ट खरी असेल तरच लिहा. ‘कोणाचे मन दुखावले असल्यास’ अशी क्षमा मागू नका. चूक कोणती हे ठाऊक असताना तसे लिहिणे समितीला चटकन खुपते. सोबत बिल, बोर्डिंग पास आणि शेजारच्या प्रवाशाचा पत्ता मिळाल्यास त्याचे दोन ओळींचे निवेदन जोडा. भीतीसाठी डॉक्टरांना भेटलात, तर ते प्रमाणपत्रही जोडा. पण केवळ समितीला दाखवण्यासाठी ते घेऊ नका, खरोखर उपचार घ्या, कारण दर करारामागे तुम्हाला लांबचे विमान प्रवास करावेच लागणार आहेत.

बंदीचा आदेश झालाच, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने नेमलेल्या अपील समितीकडे, जिचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात, 60 दिवसांच्या आत अपील करता येते आणि त्यापुढे उच्च न्यायालयाचा दरवाजा आहे. हे 60 दिवस तुम्ही भर समुद्रात असतानाच संपतील, हा माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून निघण्यापूर्वी बहिणीच्या किंवा घरातल्या कोणा विश्वासू माणसाच्या नावे या एकाच प्रकरणापुरते मुखत्यारपत्र नोटरीसमोर करून द्या, कंपनीला पत्रव्यवहारासाठी त्यांचाही ईमेल पत्ता लेखी कळवा, आणि सही केलेल्या कागदाच्या प्रतीसह सगळी फाईल त्यांच्या हाती सोपवूनच जहाजावर चढा.