वाचकांचे प्रश्न : जुना साग वाढायचा थांबतो का?

प्रश्न : आमच्या भागातील जंगलात जुने, जाड बुंध्याचे साग आहेत. त्यांची वाढ आता थांबली असून ते तोडून नवी रोपे लावल्यास हवेतील कार्बन अधिक शोषला जाईल, असे सांगितले जाते. हे खरे आहे का? आणि जिथे पाऊस अधिक, तिथले जंगल कार्बनही अधिक साठवते, असे मानावे का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : जुना साग थांबल्यासारखा वाटतो, कारण आपले लक्ष उंचीकडे असते. उंची एका टप्प्यानंतर फारशी वाढत नाही. घेर मात्र थोडाथोडा वाढतच राहतो. छातीच्या उंचीला 20 सेंटिमीटर व्यास असलेल्या झाडाने वर्षभरात 3 मिलिमीटर जाडीचे वलय धरले, तर बुंध्याच्या छेदात सुमारे 19 चौरस सेंटिमीटर लाकडाची भर पडते. 80 सेंटिमीटर व्यासाच्या झाडाचे वलय 2 मिलिमीटरच भरले, तरी ही भर 50 चौरस सेंटिमीटर होते, आणि त्यातून त्याचा बुंधा उंच व फांद्या जाड असतात, हे वेगळेच. वाळल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. 403 जातींच्या सुमारे पावणेसात लाख झाडांच्या नोंदी तपासून 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता : बहुतेक सर्व जातींत झाड जितके मोठे, तितकी त्याची वर्षाची वजनवाढ अधिक.

तरीही आपण ऐकलेला दावा सर्वस्वी निराधार नाही. एकेका झाडाऐवजी हेक्टरचा हिशेब मांडला, तर दाट तरुण रोपवन काही वर्षे जुन्या जंगलापेक्षा वेगाने कार्बन शोषू शकते, कारण जुन्या जंगलात झाडांची संख्या कमी असते आणि काही झाडे मरतही असतात. पण तोडीनंतर फांद्या, खोडके आणि मुळे जळून वा कुजून जो कार्बन हवेत परत जातो, तो या हिशेबात सहसा धरलाच जात नाही, आणि तो भरून निघायला कित्येक दशके लागतात.

मोठ्या झाडांची खरी दुखरी बाजू हवामानात आहे. साग वाढतो तो मुख्यतः पावसाळ्यात. कोरड्या महिन्यांत पाने झडतात आणि सालीखालचा वाढीचा थर निद्रिस्त होतो, म्हणूनच त्याची वर्षवलये स्पष्ट उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी या वलयांवरूनच जुन्या काळातील पावसाचा माग काढला आहे. अवर्षणात वलय अरुंद होते. अवर्षण लांबले तर उंच झाडांना अधिक फटका बसतो, कारण त्यांना पाणी बरेच वर चढवावे लागते आणि त्यांचा माथा थेट उन्हावाऱ्यात असतो. जगभरातील 48 वनभूखंडांच्या 2018 मधील अभ्यासात सर्वांत जाड एक टक्का झाडांकडेच जमिनीवरील निम्मा जैवभार (झाडांचे वाळलेले वजन) असल्याचे आढळले. त्यामुळे मोजकीच मोठी झाडे वाळली, तरी जंगलाचा साठा बराच घटतो.

पावसाबाबत म्हणाल, तर वर्षाच्या एकूण आकड्यापेक्षा कोरडे महिने किती, याला अधिक महत्त्व आहे. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढे कोरडा काळ लांबलचक, जांभ्यावरची माती उथळ आणि वारा जोराचा. म्हणून तिथले अंजनी, जांभूळ, पिसा यांचे सदाहरित रान बुटकेच राहते. उलट केरळच्या सह्याद्रीत अनेक ठिकाणी याहून कमी पावसावर तीस-चाळीस मीटर उंचीची झाडे उभी आहेत, कारण तिथे कोरडे महिने थोडे.

तापमानाचाही हात यात आहेच. सर्वांत उष्ण महिन्यातील दिवसाचे कमाल तापमान सरासरी 32.2 अंशांच्या वर गेल्यास उष्णकटिबंधीय जंगलांचा कार्बनसाठा झपाट्याने घटतो, असे 2020 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले गेले. मात्र तो अभ्यास दमट जंगलांचा होता, त्यामुळे हा आकडा आपल्याकडील पानगळीच्या जंगलाला जसाच्या तसा लावू नये. चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो, तेव्हा बहुतेक सागांवर पानेच नसतात.